गाळलेलं पाणी

शिवलीलाची सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब होती, आणि घरी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी. त्या टाकीत जिवंत कोरल, म्हणजे समुद्रातले प्रवाळ, होते. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून एकेक तुकडा आणून तिने तीन वर्षांत ते वाढवले होते.

मासे खातात, घाण करतात, उरलेलं कुजतं, आणि त्या सगळ्याचं शेवटी नायट्रेट होतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही. वाढलं की कोरल तपकिरी पडतात, आक्रसतात. म्हणून दर रविवारी ती टाकीतलं पाणी छोट्या नळीत घ्यायची आणि औषध घालून रंग बघायची. जितका गडद गुलाबी, तितकं नायट्रेट जास्त. तिचा आकडा पाचच्या पुढे कधी गेला नव्हता.

सासूबाई वारल्यावर सासरे चन्नप्पा त्यांच्या गावाहून, दुधनीहून, मुलाकडे राहायला आले. चाळीस वर्षं आडतीच्या दुकानात गर्दीत काढलेला माणूस. मुलगा मंजुनाथ आणि सून लीला कामावर गेले की ते टाकीसमोर बसायचे. नारिंगी माशांची जोडी काचेशी आली की कानडीत विचारायचे, "ऊट आतेनु?" जेवलात का?

एका दुपारी लीला लवकर घरी आली, तर ते भाकरीचा चुरा टाकीत सोडत होते.

"मामा, हे नका घालू. कुजतं ते पाण्यात."

"व्हय का? मला काय ठावं, बाई. पुना न्हाय घालत."

तेवढ्यावर विषय संपला होता. पण मार्चअखेर आकडा दहावर गेला, मग वीसवर. लीलाने माशांचं खाणं निम्मं केलं, एरवी थोडंच बदलायची ते पाणी आता दर रविवारी चौथा हिस्सा बदललं. बोअरचं पाणी घरच्या फिल्टरमधून गाळून, त्यात मीठ मिसळून ती हे पाणी तयार करायची. तरी मेमध्ये आकडा चाळीस झाला. सगळ्यात मोठा हिरवा कोरल एका बाजूने पांढरा पडू लागला.

त्या रविवारी जेवताना तिने विचारलंच. "मामा, खरं सांगा. अजून काही टाकता का?"

"न्हाय गं. त्या दिवसापास्नं हात लावला न्हाय."

"मग वाढतंय कसं? आम्ही दोघं दिवसभर बाहेर असतो. घरात दुसरं आहे कोण?"

मंजुनाथ मान खाली घालून जेवत राहिला. चन्नप्पांनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतला. संध्याकाळी लीलाने माशांच्या खाण्याचा डबा कपाटात ठेवला आणि त्यांच्यादेखत किल्ली पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवसापासून ते गॅलरीत बसू लागले. दहा दिवसांनी म्हणाले, "गावाकडचं घर बंद ठिवलं की वाळवी लागती. जातो जरा." मंजुनाथने त्यांना गाडीत बसवून दिलं.

ते गेल्यावर आकडा खाली येईल अशी लीलाची खात्री होती. तिसऱ्या रविवारी तो पन्नास झाला.

नळी धुवायला ती मोरीपाशी गेली आणि तिथे तिला लॅब आठवली. लॅबमध्ये रोज सकाळी पेशंटचं रक्त मशीनला लावण्याआधी ती ठरलेल्या आकड्याचा नमुना लावून मशीन बरोबर आहे का ते बघायची. त्याशिवाय एकही रिपोर्ट देत नसे. घरी मात्र आपण टाकीत ओततो ते पाणी तिने एकदाही तपासलं नव्हतं. तिने फिल्टरचं ताजं पाणी घेतलं, औषध घातलं. पाणी गडद गुलाबी झालं.

फिल्टरच्या आतला पडदा दोन वर्षं बदललेला नव्हता. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खोल गेलं, त्यात नायट्रेट वाढलं, आणि फिल्टर काही न गाळता नुसताच चालू होता. दर रविवारी टाकी सुधारायची म्हणून तीच आपल्या हाताने नायट्रेट ओतत होती.

पडदा बदलला. एकदम पाणी बदललं तर कोरल दगावतात, म्हणून महिनाभर थोडं थोडं करत तिने आकडा आठवर आणला. बाकीचे सावरले, हिरवा गेला. मग एका रविवारी ती एकटीच दुधनीला गेली.

चन्नप्पा सोप्यात शेंगा फोडत होते. तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं. "मामा, पाण्यातच होतं ते. माझ्याच फिल्टरच्या. तुमचं काही नव्हतं."

"मला ठावं हाय की."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो की," ते शांतपणे म्हणाले. "एकदा बोललो."

त्यांनी मूठभर शेंगदाणे तिच्या हातावर ठेवले, शेजारणीला हाक मारून चहा सांगितला. लॅब कशी चाललीय, ऊन लागतंय का, सगळं विचारलं. "परत चला," ती म्हणाली तेव्हा ते हसले. "येतो की. सणाला येतो."

दिवाळीला ते आले, दोन दिवस राहिले. लीलाने माशांच्या खाण्याचा डबा त्यांच्यापुढे धरला तर म्हणाले, "तूच घाल. मला अंदाज येत न्हाय."

आता दर रविवारी ती दुधनीला फोन करते. ते तब्येतीचं सांगतात, तुरीचा भाव सांगतात, मंजुनाथला जपून गाडी चालवायला सांगतात. कधी कधी ती माफीचा विषय काढायला जाते. ते म्हणतात, "असू दे गं," आणि जेवायची वेळ झाली म्हणून फोन ठेवतात.