खांद्यावरचा हात

डॉक्टरबाईंनी पुढचा फोटो पडद्यावर आणला आणि इतका वेळ मुका असलेला स्पीकर एकदम तडतडला.

“पुन्हा दाखवा,” धाकटी म्हणाली.

तिच्या डोक्याला पांढरं बँडेज होतं आणि मागून तारांची बारीक जुडी निघून यंत्रात गेली होती. लहानपणापासून तिला फिट्स यायच्या. त्या मेंदूत नेमक्या कुठून उठतात हे शोधायला तारा आत सोडल्या होत्या, आणि आत आहेतच तर, तिला विचारून, डॉक्टरबाई रोज फोटो दाखवत. कोणती पेशी कशाला ओ देते ते बघायचं, एवढंच काम. आज स्पीकरवर ऐकत होत्या ती पेशी भलतीच मठ्ठ होती. पूल दाखवा, खुर्ची दाखवा, गाजलेला नट दाखवा, ढिम्म! या फोटोला मात्र बोलली.

फोटोत धाकटी दुकानासमोर एकटीच उभी होती. फोटोची उजवी कड सुरीनं कापल्यासारखी सरळ. खांद्यावर चार बोटं.

“हात कुणाचा आहे?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“असेल कुणाचा तरी,” दादा भिंतीशी उभ्या उभ्या म्हणाला. “गिऱ्हाईक असेल.”

“गिऱ्हाईक खांद्यावर हात ठेवतं?”

दादाचं फोटो फ्रेम करायचं दुकान होतं आणि कटर चालवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. थोरली बहीण घरातून गेली तेव्हा त्यानं घरातली एकेक फ्रेम उघडली, तिला कापून काढलं आणि उरलेले फोटो नव्या फ्रेममध्ये बसवले. इथे बोटं कापायची तर धाकटीचा खांदाही गेला असता, म्हणून बोटं राहिली. बोटांकडे कोण बघतंय, असं त्याला वाटलं असावं. आजचे फोटो त्यानंच निवडून आणले होते.

थोरलीचा गुन्हा एवढाच, की धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं मुलाकडच्यांना स्पष्ट सांगितलं, हिला फिट्स येतात. लग्न मोडलं. दादानं थोरलीला घराबाहेर काढलं आणि आम्ही दोघंच भावंडं म्हणून सांगून टाकलं. धाकटीनं हो म्हणून मान हलवली. पुढे कित्येक वर्षं हलवतच राहिली. खरं तर लग्न मोडल्यावर तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. पण तिला विचारलं कुणी?

डॉक्टरबाईंनी बोटं झाकून तोच फोटो दाखवला. शांतता. बोटं उघडली, तडतड.

“एवढ्याशा पेशीत अख्खं माणूस मावतं होय?” दादा हसला, पण ते हसू काही जमलं नाही.

“एकीत नाही. अशा पुष्कळ असतात, आम्हाला त्यातली एक सापडली. नुसतं नाव कानावर पडलं तरी ती बोलेल. तुम्ही घेता नाव?”

दादानं खिडकीकडे पाहिलं. “काढा तो फोटो.”

पडदा काळा झाला. धाकटीनं डोळे मिटले आणि स्पीकर पुन्हा तडतडला. तिनं डोळे उघडून दुकानाचा विचार केला. गप्प. पुन्हा मिटले, तडतड. दाराची बेल सापडलेल्या पोरासारखा तिला चेवच चढला.

“पडदा तर काळा आहे,” दादा म्हणाला.

“हो. त्यांना आठवतंय.”

दादा पुढे झाला आणि त्यानं स्पीकरचा आवाज बंद केला. बाजूच्या यंत्रावरच्या रेघा उड्या मारतच होत्या.

“हवं तर डोळेही मिटून घे,” धाकटी म्हणाली. इतक्या वर्षांत त्याच्याशी ती या आवाजात बोलली नव्हती. “माझ्या डोक्यात तुझं कटर चालत नाही, दादा.”

त्यानं स्पीकरवरचा हात मागे घेतला, तशी ती पुढे म्हणाली,

“उद्या ऑपरेशन आहे. शुद्धीवर येईन तेव्हा ताई समोर हवी. नाहीतर मी सही करणार नाही.”

“हट्ट कसला करतेस? जिवाशी खेळ आहे हा.”

“जीव माझाच आहे ना?”

“आणि तिचा नंबर कुठून आणायचा?”

“मी सांगते. काढ फोन.”

त्यानं कुरकुरत फोन काढला. धाकटी एकेक आकडा सांगू लागली, “नऊ, चार, शून्य, सात…” आणि थांबली. तिचा हात बँडेजकडे गेला. डॉक्टरबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या.

दादाचा अंगठा मात्र थांबला नव्हता. पुढचे सगळे आकडे त्यानं पुटपुटत, न अडखळता, शेवटपर्यंत दाबले. मग त्याच्या लक्षात आलं. फोनकडे बघत तो तसाच उभा राहिला.

“लाव आता,” धाकटी म्हणाली.

पुढचे आकडे तिलाही पाठ होते.