बंद केलेला नंबर

तो नंबर मी बंद केला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी मला गरीब गाय समजायला नको. फोन माझ्या नावावर होता. दुकानात जाऊन मीच अर्ज भरला, मीच सही ठोकली आणि घरी येऊन ह्यांना सांगितलं, झालं, सुटलात एकदाचे. हे काही बोलले नाहीत. हे तसे कधीच काही बोलत नाहीत.

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. अडतीस वर्षं तेच काम, त्यातली बावीस वर्षं खिशात तो फोन. लिफ्टमध्ये अडकून कंपनीच्या नंबरावर फोन केला की आधी संगीत वाजतं, मग एक दाबा, मग तीन दाबा. घाम फुटलेल्या माणसाने ते ऐकत बसायचं का? म्हणून ह्यांनी काय करावं, तर ज्या ज्या लिफ्टमध्ये हात घातला, तिथे बटणांच्या शेजारी बारीक ब्रशने लाल रंगात लिहून ठेवलं: ‘अडकलात? घाबरू नका. फोन करा.’ आणि खाली स्वतःचा नंबर. कंपनीला याचा पत्ताही नव्हता. शहरात अशा किती लिफ्ट असतील, ते ह्यांनाही आठवत नाही.

त्या फोनने माझा संसार कुरतडला. ताटावरून उठले, पाहुण्यांतून उठले, लेकीच्या लग्नाच्या एका फोटोत तर माझ्या शेजारी नुसती खुर्ची आहे. फोन वाजला की हे बाल्कनीत जायचे आणि काचेचं दार ओढून घ्यायचे. आतून मला फक्त ओठ हलताना दिसायचे. माझ्याशी दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस तिकडे परक्यांशी तासतासभर काय बोलत असेल, या विचाराने माझा जीव जळायचा. सवत परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं.

मग हे निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दगदग नको, धसका तर अजिबात नको. मी दुसऱ्याच आठवड्यात नंबर बंद केला. ह्यांना नवा फोन घेऊन दिला. त्याचा नंबर फक्त मला, लेकीला आणि डॉक्टरांना ठाऊक. सेवा समाप्त झाल्याचा निरोपही फोन कंपनीकडून मला आला. जुन्या, बटणांच्या फोनचा पडदा तसाही केव्हाच काळा पडला होता. तो मी ड्रॉवरमध्ये टाकला, पण त्याचं चार्जिंग हे गुपचूप करत होते, ते मला नंतर कळलं.

आठव्या दिवशी सकाळी मी मशीनवर पडद्याची किनार मारत बसले होते आणि ड्रॉवर वाजायला लागला.

माझा पाय मशीनवरच थिजला. ह्यांनी ड्रॉवर उघडून फोन उचलला, ऐकलं आणि सवयीने बाल्कनीकडे चालू लागले. कुणी बाप दोन पोरांना घेऊन अडकला होता. ह्यांनी नव्या फोनवरून मेकॅनिकला बोलावलं आणि जुन्यावरून त्या बापाला धरून ठेवलं. सगळं आटोपल्यावर मी त्याच फोनवरून लेकीला फोन लावून पाहिला. लागला नाही. बाहेर जाणारं सगळं बंद आणि आत येणारं चालू, असला हा प्रकार.

महिना गेला, बिल नाही. दुसरा गेला, बिल नाही. मी फोन घेऊन तणतणत दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने नंबर घातला, पुन्हा घातला आणि म्हणाली की काकू, असा नंबर आमच्याकडे नाहीच. मी म्हटलं, मग लावून बघ. तिने स्वतःच्या मोबाइलवरून लावला. काउंटरवर ठेवलेला फोन वाजायला लागला. तिने हात मागे घेतला. शेजारचे दोघं आले, आतून साहेब आला, आणि चौघंही त्या काळ्या पडद्याच्या डबड्याभोवती उभे राहिले. कुणी हसलं नाही, कुणाला उचलायचं धाडस झालं नाही. वाजायचा थांबल्यावर तिने हळूच विचारलं की यावर कुणाचे फोन येतात. मी सांगितलं. ती म्हणाली, मग राहू द्या ना काकू. मी म्हटलं, तू मला शहाणपण शिकवू नकोस.

पण खरं सांगते, घरी येईपर्यंत माझ्या अंगावरचा काटा गेला नव्हता. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की या फोनवर जाहिरातवाले येत नाहीत, चुकून लागलेला एक फोन येत नाही, नातेवाईक येत नाहीत. येतात ती फक्त अडकलेली माणसं. ज्या नंबराची कुठल्या वहीत नोंद नाही, ज्याचे कुणी पैसे भरत नाही, तो कुणीतरी, कुठूनतरी, त्यांच्यासाठी धरून ठेवलाय. मी देवभोळी नाही. तरी त्या दिवसापासून ड्रॉवरसमोरून जाताना मी पाय हलके टाकायला लागले.

एक गोष्ट मी लपवली होती, तीही सांगते. फोनमुळे रक्तदाब वाढतो हे ह्यांच्या तोंडावर सिद्ध करावं म्हणून मी घरच्या यंत्राने रोज सकाळी आणि फोन झाल्यावर मोजायला लागले. दरवेळी नंतरचा आकडा कमी. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. सेल बदलले. तरी कमीच. मग मी मोजणंच बंद केलं, नाचता येईना अंगण वाकडं.

आणि मग तो मंगळवार आला. फोनवर बोलता बोलता एक म्हातारी गप्प झाली. दार उघडलं तेव्हा ती बेशुद्ध होती. वाचली, पण हे बाल्कनीतून आत आले ते पांढरेफटक. मी ह्यांना निजवलं आणि ठरवलं की बस्स. कुणा परक्यांपायी मला माझा माणूस गमवायचा नव्हता. फोन कंपनीच्या मुख्य कचेरीतल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, लेखी अर्ज घेऊन सहाव्या मजल्यावर या, मुळापासूनच काढून टाकतो.

ह्यांना सांगितलं की दोरा आणायला जातेय. आता गंमत ऐका. लिफ्टवाल्याची बायको, पण मी जन्मात लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. दार लागलं की माझा श्वास कोंडतो. मी जिनेच चढते. पण त्या दिवशी कचेरीचा जिना रंगवायला घेतला होता. दोरी बांधून बंद. मी रामराम म्हणत लिफ्टमध्ये शिरले. चौथा मजला गेला आणि पाचव्याच्या आधी एक गचका बसून ती थांबली. मोठा दिवा गेला, कोपऱ्यात एक मिणमिणता उरला.

मी सगळी बटणं दाबली. दारावर बुक्क्या मारल्या. छाती धाडधाड उडायला लागली आणि मला अगदी स्पष्ट वाटलं की मी आता इथेच मरणार. मग त्या मिणमिणत्या उजेडात मला लाल अक्षरं दिसली. अडकलात? घाबरू नका. खालचा नंबर वाचायची गरजच नव्हती, पण सातच्या पोटातली ती आडवी रेघ बघून मला रडू फुटलं. सात असा फक्त हेच काढतात. पर्समध्ये तो नंबर मारून टाकायचा अर्ज होता आणि मी तोच नंबर लावत होते.

दुसऱ्याच घंटीला उचलला.

“बोला, मी ऐकतोय. एकट्याच आहात का, ताई?”

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. माणूस माझा, पण आवाज असा की जणू ह्यांना जगात दुसरं कामच नाही. मी कोण ते माझ्याच्याने सांगवेना. कशीबशी इमारत सांगितली आणि मजला सांगितला. पलीकडे क्षणभर शांतता झाली.

“बरं,” हे म्हणाले. “आधी खाली बसा. चपला काढा, पाय लांब करा. बसलात? आता ऐका. लिफ्ट पडत नसते, रुसते. तुमच्या डोक्यावर पाच दोर आहेत, त्यातला एकटासुद्धा तुम्हाला पेलेल. आणि दोरांना काही झालंच तर खाली जबडे आहेत, ते रुळाला घट्ट धरतात. माणूस निघालाय. तो दार उघडेपर्यंत मी फोन ठेवणार नाही.”

मी खाली बसले. मग ह्यांनी विचारलं की तुम्ही काय करता. म्हटलं, पडदे शिवते. चुण्या कशा घालता, सगळ्या सारख्या कशा पडतात, खिडकी मोठी असली तर कापड किती धरता, हे सगळं विचारलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी इतकं विचारलं नव्हतं. मी सांगत गेले आणि सांगता सांगता छाती केव्हा शांत झाली, ते मला कळलंही नाही. मग मी विचारलं की तुम्ही हे का करता.

“कामाला लागलो त्या वर्षी मीच अडकलो होतो,” हे म्हणाले. “चार तास. अंधारात. ओरडून ओरडून घसा बसला. शेवटी आपण आहोत की नाही, हेच कळेनासं झालं. तेव्हा नुसतं कुणी ‘हो’ म्हणालं असतं ना, तरी पुरलं असतं.”

हे मला ठाऊक नव्हतं. एका ताटात जेवलो, लेक वाढवली, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी तोंडात पदर कोंबून रडले, की लग्नाच्या नव्या दिवसांत ऐकायला हवं होतं ते आज असं कुलूपबंद पेटीत बसून ऐकतेय. हे थांबले. मग म्हणाले, “मी आहे.”

पंचवीस मिनिटांनी मेकॅनिकने लिफ्ट पाचव्या मजल्याला लावून दार उघडलं. आणखी थोडी खटपट करून म्हणाला, आता ठीक आहे, सहावा एकच मजला वर. मी त्या लाल अक्षरांकडे बघितलं आणि तळमजल्याचं बटण दाबलं. खाली येईपर्यंत डोळे उघडे ठेवले. साहेबांचा फोन आला की अर्जाचं काय झालं. मी म्हटलं, जो नंबर तुमच्याकडे नाहीच, तो तुम्ही बंद कसा करणार?

बसमध्ये माझ्या लक्षात आलं की पहिल्या वाक्यात हे ‘ताई’ म्हणाले होते. मी बोलल्यावर एकदाही म्हणाले नाहीत.

घरी आले तर टेबलावर रक्तदाबाचं यंत्र मांडलेलं आणि समोर माझी खुर्ची ओढलेली.

“बस. हात दे,” हे म्हणाले. पट्टा गुंडाळला, आकडा येईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिले. “बरी आहेस.”

मी विचारलं, “ताई म्हणायचं मध्येच का सोडलंत?”

“बायकोला कुणी ताई म्हणतं का?”

मी पर्समधून अर्ज काढून ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी वाचला, घडी घातली आणि परत माझ्याकडे सरकवला. रागावले नाहीत. तेवढ्यात ड्रॉवर वाजला. हे उठले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. मी जाऊन फोन काढला आणि ह्यांच्या हातात दिला.

“घ्या, कुणीतरी थांबलंय,” मी म्हटलं. “दार मात्र उघडं ठेवा.”