फाट्यावरची अर्धी भिंत

माझं अक्षर उभ्या मंगरूळपीर तालुक्यात ओळखू येतं. बियाण्यांच्या जाहिराती, लग्नाच्या कमानी, शौचालयाचं महत्त्व, सगळं मीच लिहिलंय. धम्मपाल पेंटर म्हटलं की पुरे. गेल्या दिवाळीनंतर आसेगावच्या फाट्यावर एका गोदामाच्या भिंतीवर व्यसनमुक्तीची घोषणा लिहायचं काम आलं. 'तंबाखू सोडा, घर सांभाळा.' घोषणा माझी नाही. माझी असती तर जरा बरी असती.

पहिल्या दिवशी शिडी लावून दहा फुटांवर 'तंबाखू' एवढं लिहून झालं. चांगली दीड-दीड फुटाची लाल अक्षरं. दुसऱ्या दिवशी उजव्या जबड्याखालची गाठ दाखवायला दवाखान्यात गेलो, तो तिथेच अडकलो. भिंतीवर नुसतं 'तंबाखू' राहिलं. आठवड्याच्या आत फाट्यावरच्या मारोतरावानं आपला पानठेला उचलून बरोब्बर त्याच्या खाली आणून ठेवला. एवढा मोठा बोर्ड, तोही फुकट. माणूस धंद्याचा आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

गाठ कॅन्सरची होती. दुसऱ्यांदा. तीन वर्षांपूर्वी घशात निघाला तेव्हा तेहतीस दिवस मशिनीखाली निजवून तो जाळला होता. तेव्हापासून माझा तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला, हे सगळ्यांना माहीत आहे, कारण माझी बायको वैजयंती ते सगळ्यांना सांगते. बचत गटात सांगते, विहारात सांगते, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगते. "आमच्या यायनं एका दिवसात सोडला, मंग बाकीच्यायले काय होते?" आणि सोडलाच होता मी, खोटं कशाला बोलू? घरात सोडला होता. शिडीवर चढलो की तोंडात असायचा. शिडीवर बायको येत नाही.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि त्याला समजावून सांगायची फार हौस. त्यानं कागदावर मान काढली. इतकी वाईट मान मी जन्मात पाहिली नव्हती, पण गप्प बसलो, कारण कापणार तो होता. घशातला डाग काढायचा, म्हणाला, आणि मानेच्या उजव्या बाजूच्या लसिका गाठी सगळ्या काढायच्या. या गाठी प्रत्येकाच्याच मानेत असतात. अंगातली घाण अडवायला निसर्गानं बसवलेली तपासणी नाकीच ती. रोग घशातून निघाला की पहिला मुक्काम तिथे.

"यांच्यामधून खांद्याची नस जाते," तो म्हणाला. "वाचवायचा प्रयत्न करू. पण गाठ तिला चिकटलेली असेल तर नसही काढावी लागेल. मग हात खांद्याच्या वर जाणार नाही."

"उजवा?"

"उजवा."

"मी पेंटर हाये, साहेब."

त्यानं थोडा विचार केला. "डाव्या हातानं जमेल का लिहायला?"

"तुमी डाव्या हातानं कापता काय?"

वैजयंतीनं माझ्या मांडीला चिमटा काढला. मग डॉक्टरनं विचारलं, तंबाखू वगैरे? मी तोंड उघडायच्या आत ती बोलली. "तीन साल झाले, साहेब. घरात सुपारीचं खांड नाई. तरी कायले आला हा वापस?"

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या मानेच्या चित्राकडे पाहिलं.

"येतो कधी कधी," तो म्हणाला. भला माणूस.

छत्तीस गाठी निघाल्या. दोनमध्ये रोग होता आणि त्यांतली एक नसेला चिकटलेली. छत्तिसातून नेमकी तीच. नस गेली.

घरी आल्यावर लोक बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला आले. प्लास्टिकच्या पन्नीतला खर्रा घोटत घोटत विचारायचे, "काहून झालं असंन गा हे तुले?" त्यांना खरंच कोडं पडलेलं असायचं.

हातासाठी दिलेला व्यायाम असा होता की भिंतीला बोटं टेकवायची आणि ती हळूहळू वर चालवत न्यायची. जिथे थांबतील तिथे वैजयंती पेन्सिलीनं खूण करायची. दोन महिन्यांत खुणा छातीपासून खांद्यापर्यंत चढल्या आणि मग एकाच जागी एकावर एक बसू लागल्या. ती तरी रोज नवी खूण करायची, त्याच जागी, तितक्याच उमेदीनं. मला भीती वाटायची. मरणाची वाटायचीच, पण त्याहून जास्त हाताची. अक्षर गेलं तर धम्मपाल पेंटरातला उरतो कोण?

त्यातच भिंतीचं काम देणाऱ्यांचा फोन आला. आठ दिवसांत भिंत पुरी करा, नाहीतर वरून फ्लेक्स लावतो. फ्लेक्स! माझ्या अक्षरांवर!

गेलो. वैजयंती शिडी धरायला सोबत आली. मारोतरावानं हात जोडले. "या पेंटर! तुमच्या बोर्डानं लय बरकत केली आपली."

मी चढलो. शिडी तेवढीच उंच; शेवटच्या पायरीवर उभं राहून हात वर केला की ओळ हाताशी येते. आणि 'खू'च्या पुढे, जिथे 'सोडा' यायचं होतं, तिथे मला तो डाग दिसला. लाल, वाळलेला, बाजूला शिंतोडे उडालेला. खाली भिंतीवर कोणीही थुंकतं. दहा फुटांवर थुंकायला शिडी लागते, आणि शिडी माझीच होती.

आधी पांढऱ्या रंगाचा ब्रश घेतला. हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. डाग वीतभर वर. पुन्हा उचलला, पुन्हा थांबला. खाली वैजयंतीला वाटलं, मला दुखतंय.

"थांबा, मी येऊन रायली वर."

"नको येऊ," मी म्हणालो. पण कापलेल्या गळ्यातून आवाज तो केवढा निघणार? ती लुगडं खोचून माझ्या मागून चढली, एका हातानं शिडी धरली, दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या कोपराखाली लावला आणि हात कुठवर न्यायचा ते पाहायला तिनं मान वर केली.

तिनं डाग पाहिला, मग शिडी, मग मला. खाली मारोतराव खर्रा घोटत होता.

"पुसतो," मी म्हणालो.

"नका पुसू. त्याच्या बाजूनं लिहा."

आणि तिनं कोपर वर ढकललं. डोळ्यांसमोर अंधारी आली. हे दुखणं डॉक्टरनं चित्रात काढलं नव्हतं. मी लाल ब्रश घेतला आणि डागाला लागून 'सो' काढला. चार वेळा शिडी सरकवली, चारही वेळा ती मागून चढली, आणि शेवटच्या अक्षरापर्यंत तिनं कोपर सोडलं नाही. ओळ जरा तिरकी गेली आहे. लाल डाग 'तंबाखू' आणि 'सोडा'च्या मधोमध आहे.

शिडी मारोतरावाकडे ठेवून आम्ही एसटीत बसलो. शेजारच्या बाईनं माझ्या मानेवरचा व्रण पाहून वैजयंतीला विचारलं, "काय झालं वं यायले?"

मी वाट पाहिली. वैजयंती खिडकीबाहेर पाहत राहिली.

मग मीच त्या बाईला सांगितलं. शिडीसकट.