देवाच्या तांदळाची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची बरणी आहे. रंगाने तपकिरी, मानेने आखूड आणि पोटाने जरा सुटलेली. मला पाहून कुणी थबकत नाही, आणि त्यात पाहणाऱ्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका कुंभाराने मला घडवले. राखेची झिलई ओली असतानाच त्याने माझ्या पोटावरून एक बोट फिरवले, आणि गवताच्या पात्यासारखी एक रेघ उमटली. त्याला ते नक्षीकाम वाटले असावे. मग भट्टी, मग होडी, मग बाजार. माझी मोठी भावंडे माझ्याबरोबरच एका घरी विकली गेली. कुणात सोयाबीनची आंबवलेली चटणी भरली, कुणात खारवलेली मासळी, कुणात किमची, म्हणजे तिखटमीठ लावून आंबवलेली कोबी. ती सगळी मागच्या अंगणात ऊन-पाऊस सोसत उभी राहिली. मी लहान, म्हणून मला घरात जागा मिळाली. लहान असण्याचे असेही फायदे असतात.

त्या घरात तेव्हा एक करारी म्हातारी राज्य करत होती. तिने माझ्यात नवे तांदूळ भरले, तोंडावर पांढरा कागद बांधला आणि मला आतल्या खोलीत उंच फळीवर ठेवले. माझ्यात म्हणे जन्मआजी राहायला आली होती. ही आजी घराला मुले देते आणि रागावली की दिलेली परत नेते, असे सगळे मानत. माझ्यापुढे हात जोडल्याशिवाय कुणी बोलत नसे. खरे सांगायचे तर माझ्यात तांदूळ होते आणि उन्हाळ्यात थोडे किडे. तिसरे कुणी आल्याचे मला कळले नाही. अर्थात, मला कुणी विचारलेही नाही.

म्हातारीची सून गुरिम गावची होती, म्हणून सगळे तिला ‘गुरिमची’ म्हणत. तिचे पहिले मूल, एक मुलगा, वसंतात तापाने फणफणले. घरात दाणा नव्हता. गुरिमचीने सासूची नजर चुकवून माझ्यातले मूठभर तांदूळ काढले आणि पेज करून त्याला पाजली. पेज प्यायल्यावर मूल थोडे हसलेही. पण ताप उतरला नाही आणि ते गेले.

“आजीच्या तोंडचा घास काढलास ना?” म्हातारी म्हणाली. “आता घे. तिनं तिचं पोर परत नेलं.”

 त्यानंतर गुरिमची माझ्याजवळून जायची तेव्हा हात पदराखाली लपवल्यासारखे कमरेमागे धरायची. ती सवय तिच्या अंगात मुरली.

पुढे म्हातारी गेली. गुरिमचीला दुसरा मुलगा झाला, गितेक. नवरा युद्धात मारला गेला. युद्ध संपल्यावर गावाच्या चढावर पत्र्याच्या छपराचे एक लहानसे ख्रिस्ती देऊळ आणि त्याची मंडळी उभी राहिली आणि गुरिमची तिथे जाऊ लागली. तिथला देव लेकरांना मांडीवर घेतो, असे तिने ऐकले होते. तिला तेवढे पुरेसे होते. बाप्तिस्मा झाल्यावर तिने घरातले जुन्या देवांचे कागद, दोऱ्या, चिंध्या अंगणात जाळल्या. मलाही फोडायला बाहेर आणले. पण मी धड होते, आणि ती धड वस्तू फोडणाऱ्यांतली नव्हती. तिने ओढ्यावर नेऊन मला राखेने घासले आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवले.

तिथे मला नवे काम मिळाले. मंडळीतल्या बायका प्रत्येक वेळी भात लावण्याआधी एक चमचा तांदूळ देवासाठी बाजूला काढत. रविवारी ते पिशवीतून देवळात जात. त्यावर देवळाचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, जेवत आणि गावातले निराधार जेवत. गुरिमचीच्या घरचे देवाचे तांदूळ माझ्यात पडू लागले.

शेजारची ओकगूची अजून जुन्याच देवांना धरून होती. ती एकदा आत डोकावली आणि हसत सुटली.

“अगं गुरिमची, देव बदललास, पण बरणी तीच की गं! आजी आतच बसली असेल बघ, तुझ्या येशूला चिमटे काढत.”

“काहीतरीच बोलतेस,” गुरिमची म्हणाली. पण तिने माझे झाकण हलकेच, दोन्ही हातांनी बसवले. अगदी पूर्वी म्हातारी कागद बांधायची तसेच. मला ते तेव्हाच खटकले होते. बरणीच्या खटकण्याला कोण विचारतो!

असो. गुरिमची मंडळीत नावाजली, मंडळीने तिला सेविकाही केले. चमचा कधी चुकला नाही. पाळकसाहेब उपदेशात तिचे नाव घेत, तेव्हा ती मान खाली घाली आणि कान मात्र उघडे ठेवी. ईस्टरला आमच्या मंडळीत बायका साठवलेल्या तांदळाची बरणी सर्वांसमोर वेदीपुढे नेऊन ठेवत. “यंदा माझी बरणी गळ्यापर्यंत भरून आणीन,” असे तिने एकदा हिवाळ्यात चारचौघींत बोलून दाखवले, आणि माझ्यातले तांदूळ रविवारी न्यायचे थांबवून सणासाठी साठवू लागली.

तो हिवाळा सरून वसंत आला, तेव्हा गितेकच्या बायकोला, बुनिमला, मुलगी झाली. गितेक मासेमारीच्या बोटीवर दूर होता. आणि वसंत म्हणजे आमच्याकडे उपासमारीचे दिवस. मागचा भात संपलेला, जव अजून शेतात हिरवा. सगळे गाव पाला आणि कोंडा उकडून खात होते. बाळंतिणीला खरे तर पांढरा भात आणि समुद्रशेवाळाचे सूप द्यायचे. शेवाळ होते, भात नव्हता. ओकगूचीने मागच्या वर्षीचा उरलेला वाडगाभर जव आणून दिला, तोही तिच्या तोंडचाच होता. बुनिमला दूध फुटेना. गावात दुसरी कुणी पाजणारी बाई नव्हती. मुलगी आधी मोठ्याने रडत होती, मग बारीक आवाजात रडू लागली. बारीक आवाज जास्त वाईट असतो, हे मी त्या घरात आधी एकदा ऐकले होते.

“आई,” बुनिम अंथरुणातून म्हणाली, “बरणीत तांदूळ आहेत.”

“ते तांदूळ नाहीत. प्रभूचे आहेत ते.”

“प्रभूचे झाले तरी तांदूळच ना?”

“बाळंतिणीनं जास्त बोलू नये. वारा शिरतो.”

“मग हिचं काय करायचं?”

गुरिमचीने मुलीकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. “मी डोंगरावर जाते. उपास करून प्रार्थना करते. प्रभू वाट दाखवील.”

“आई, आपण उपाशीच आहोत की. आणखी कसला उपास करणार तुम्ही?”

पण गुरिमची गेली. डोंगरावर खडकाच्या आडोशाला बसून स्वप्न पडेपर्यंत प्रार्थना करायची, असा तिथल्या बायकांचा रिवाज होता. स्वप्नात उत्तर मिळते, असे त्या मानत. काहींना मिळतही असेल. मी फळीवरून हलत नाही, त्यामुळे मला नक्की सांगता येणार नाही.

ती नसताना बुनिम एकदा भिंत धरत धरत माझ्यापर्यंत आली. मुलगी काखेत होती. तिने झाकण उघडले आणि हात आत घातला. तिची बोटे तांदळात रुतली. मला वाटले, सुटलो सगळे एकदाचे. पण तिने रिकामाच हात बाहेर काढला.

“मी घेतले ना,” ती मुलीला म्हणाली, “तर उद्या तुला नुसती शिंक आली तरी तुझी आजी जिवंतपणी मरेल गं.”

तिला देवाची भीती नव्हती. ती ख्रिस्ती घरात वाढली होती, देवाशी बापाशी बोलावे तशी बोले. पहिल्या मुलाची गोष्ट तिने शेजारणीकडून ऐकली होती, म्हणून तिला सासूची काळजी होती. तिने झाकण लावले आणि परत जाऊन आडवी झाली. त्या क्षणी मला बरणी असल्याचे फार वाईट वाटले. मला हात असते, तर मी स्वतःच उपडी झाले असते.

गुरिमची परतली तेव्हा तिचे ओठ फुटले होते.

“काय म्हणाला प्रभू?” बुनिमने विचारले.

“काही नाही. झोपच लागली नाही, तर स्वप्न कुठलं पडणार?” ती चुलीपुढे बसली. “तो बोलतच नाही माझ्याशी.”

त्याच दुपारी योम पाळक मुलीसाठी प्रार्थना करायला आले. तरुण, उंच आणि काठीसारखे वाळलेले. दाराशी चपला काढताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. मुलीला पाहून ते तिच्या अंथरुणाजवळ बसले.

गुरिमचीने मला फळीवरून उतरवले आणि त्यांच्यापुढे ठेवून झाकण काढले. मी जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली होते.

“पाळकसाहेब, बघा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता आणि त्याच्या खाली रडू होते. “घरात पोर सुकतंय, पण मी एका दाण्याला हात लावला नाही. आता तरी त्यानं ऐकावं ना माझं? मी वाट विचारायला डोंगरावर गेले, तर तो गप्प.”

तेवढ्यात पाळकांच्या पोटात मोठ्याने गुरगुरले. बुनिमला तशातही हसू आले. पाळकही ओशाळून हसले.

“सेविकाबाई, हे तांदूळ जातात कुठं, ठाऊक आहे ना? या पोटात. देवाच्या नाही. मीही कितीतरी दिवस पाल्यावरच आहे, म्हणून तुमची बरणी बघून तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला सांगू? आणि मलाही ते आज नकोत. मग तुम्ही राखताय कुणासाठी?”

“प्रभूसाठी.”

“लेकरू उपाशी ठेवून जो आपलं ताट राखायला सांगतो, असा प्रभू मी तुम्हाला कधी सांगितला?”

गुरिमचीने नाही म्हणून मान हलवली. मग इतकी वर्षे न बोललेले बोलली. पहिल्या मुलाबद्दल, त्या मूठभर तांदळाबद्दल, सासूच्या शब्दांबद्दल. शेवटी म्हणाली, “याच बरणीतून काढले होते. पुन्हा काढले आणि हिलाही नेलं तर? तुम्ही म्हणता तो मायाळू आहे. मीही म्हणते. पण हात घालायला गेले की मला तीच दिसते, रागावलेली.”

“म्हणजे तुम्ही नाव येशूचं घेता, आणि घाबरता आजीला.”

“हो,” ती म्हणाली. “तसंच असणार.” आणि मला त्यांच्याकडे सरकवले. “तुम्हीच काढा. पाळकांचा हात असला तर काही होणार नाही.”

पाळकांनी हात मांडीखाली घेतले. “मी काढले तर तुम्ही जन्मभर म्हणाल, पाळकामुळं वाचलो. मग मलाच बरणीसारखं पुजायला लागाल. हात तुमचाच हवा, सेविकाबाई. वाट विचारायला तुम्ही एवढ्या लांब गेलात. ती तर चुलीपासून हातभर लांब होती.”

 मुलगी कुरकुरत होती. मग गुरिमचीने डोळे मिटले आणि हात माझ्यात घातला.  तिने मूठ भरली, बाहेर काढली, भांड्यात टाकली. दुसरी मूठ काढली. तिसऱ्या मुठीला तिने डोळे उघडले.

भात शिजला. बुनिम जेवली. पाळकांनाही बळेच बसवले. गुरिमची मात्र दारात बसली, मुलीला मांडीवर घेऊन. ती वाट पाहत होती. वारा आला की दचके, मुलीला उचकी लागली की तिचे कपाळ चाचपून पाही. ओकगूची कुंपणावरून ओरडली, “भाताचा वास येतोय गं! चोरी केलीस की काय?” तरी ती हसली नाही. काही दिवस हेच चालले. भात शिजे, बुनिम जेवे आणि गुरिमची पहारा करी.

मग एका संध्याकाळी मुलगी कडाडून रडली. जोरात, रागाने, हक्काने. बुनिमने तिला छातीशी घेतले आणि पोरगी एकदम गप्प झाली. चुटूचुटू आवाज येऊ लागला. दूध आले होते.

गुरिमची ऐकत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “म्हणजे माझ्या लेकराला कुणी नेलं नव्हतं. ताप आला होता त्याला. नुसता ताप.”

आणि ती रडली. तो मुलगा गेला तेव्हा ती रडली नव्हती, मी साक्षीला आहे. बुनिमने एका हाताने मुलीला धरले आणि दुसऱ्या हाताने सासूला ओढून घेतले. त्या घरात आईवाचून राहिलेले एक दुःख होते, त्याला त्या संध्याकाळी आई मिळाली.

ईस्टरला गुरिमचीने मला उचलून देवळात नेले. इतर बरण्या भरलेल्या होत्या. माझ्या तळाशी जेमतेम ओंजळभर तांदूळ उरले होते. मागच्या रांगेत कुजबूज झाली. एकीने विचारलेच, “काय गं गुरिमची, गळ्यापर्यंत भरणार होतीस ना? उंदीर शिरले वाटतं?”

“नाही गं,” गुरिमची सरळ उभी राहून म्हणाली. “यंदा प्रभू माझ्या घरीच जेवून गेला.”

मित्रांनो, गुरिमची आता नाही. आता देवासाठी चमचाभर तांदूळही कुणी काढत नाही. मी देवळाच्या कोठीत असते आणि सणाला माझ्यात फुले ठेवतात. मला त्याची तक्रार नाही. माझी धूळ अधूनमधून पुसा, मला आदळू नका, एवढे मागते. पण मला घाबरू मात्र नका. देवासाठी काही राखून ठेवले असेल आणि घरात एखादे मूल बारीक आवाजात रडत असेल, तर वाट विचारायला लांब जाऊ नका. आधी झाकण उघडा.