वर तवंग नको

"चप्पल काढलीत?" नर्सने विचारलं.

"चप्पल काढली, स्वेटर काढला, पर्स तुमच्या टेबलावर ठेवली. आता हाडं तेवढी राहिली काढायची," ताई म्हणाली.

नर्स हसली नाही. तिने काट्यावरचा आकडा दोनदा वाचला. "मागच्या वेळेपेक्षा वाढलंच आहे थोडं. हे बघा, सहा किलो उतरल्याशिवाय डॉक्टर तुमची किडनी काढणार नाहीत. घरी नक्की काय खाता तुम्ही?"

हा प्रश्न ऐकला की ताईच्या डोक्यात तिडीक जायची. काय खाता म्हणे. गेले तीन महिने ही बाई काय खात होती ते तिचं तिलाच ठाऊक. पडदे शिवण्याच्या कारखान्यात कुणाचा वाढदिवस असला की सगळ्या जणी केकभोवती जमायच्या आणि ही मशीनवर मान घालून चुण्या घालत बसायची. चहातली साखर सुटली, बस सुटली, रोज पायपीट सुरू झाली. आणि एवढं करून काटा खाली यायचं नाव घेईना. न्याय म्हणून काही आहे की नाही जगात, असं तिला ओरडून विचारावंसं वाटलं, पण समोर होती नर्स, आणि नर्स बिचारी काय सांगणार.

ताई हे काही तिचं नाव नव्हे, पण कारखान्यात, शेजारीपाजारी, सगळीकडे तीच ओळख. खरीखुरी ताई ती एकाचीच, बारक्याची. लहानपणी ही ढब्बू आणि धाकटा भाऊ काडी, म्हणून गल्लीतल्या पोरांनी त्याला बारक्या म्हणायला सुरुवात केली, आणि चाळिशीला टेकला तरी तो बारक्याच राहिला. आता त्याच्या दोन्ही किडन्यांनी राम म्हटला होता. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचं, मशीनला जोडून घ्यायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि घरी येऊन ओकायचं, असं त्याचं चाललं होतं. मशीनवर फार काळ काढता येणार नाही हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि जुळली ती एकट्या ताईची. त्या दिवशी तिला इतका आनंद झाला होता की लोकांना वाटलं, हिला काही मिळालंय. मग वजन आडवं आलं.

बारक्याच्या मशीनच्या दिवशी ताई कामावरून थेट दवाखान्यात जायची, कारण भावजयीची कामाची पाळी बहुतेक संध्याकाळची असायची. घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरायचं नाही. तेव्हा नवराच म्हणाला होता, "तू नको आता गॅसपाशी मरूस. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी रोज पार्सल आणतो. तुला काय चालतं तेवढं सांग." नवरा फरशीच्या गोदामात मुकादम. कमी बोलणारा, पण सांगितलेलं काम चोख करणारा. ताईने त्याचं कौतुक गावभर केलं. नवरा असावा तर असा, म्हणून कारखान्यातल्या दोघी-तिघींना जळवलंसुद्धा.

आणि तिने सांगितलं ते नीट सांगितलं होतं. दवाखान्यातल्या आहारवाल्या मुलीने त्या दुकानाचं मेनूकार्डच पुढ्यात घेऊन तिला शिकवलं होतं. रस्सा केशरी किंवा पांढरा असेल तर तिकडे बघायचंसुद्धा नाही, त्यात मलई, काजू नाहीतर लोणी असणारच. कोफ्ते, सामोसे, भजी, सगळं तळलेलं, त्यांचं नाव काढायचं नाही. पनीर हवंच असेल तर भट्टीत भाजलेलं, तेही दोन तुकडे. मग राहिलं काय, तर साधी पिवळी डाळ, फोडणी बेताची. मलईशिवाय पालक. सुकी भेंडी, फ्लॉवर. नानऐवजी तंदुरी रोटी, कोरडी. भात मूठभर. ताईला हे पाठ झालं आणि नवऱ्याकडूनही तिने ते पाठ करून घेतलं.

"लोणी नको म्हणजे नको. वरून सोडतात ती धारसुद्धा नको," ती म्हणायची.

"नाही सोडू देत," तो म्हणायचा.

डाळ मात्र फार छान लागायची. "बघा, भूक लागली की साधी डाळसुद्धा कशी चव धरते," ती बोटं चाटत म्हणायची, आणि तो ताटात मान घालून जेवत राहायचा.

आज नर्सच्या खोलीतून ती बाहेर आली तर भावजय बाकावर बसली होती. तिने नुसतं वर पाहिलं.

"वाढलं," ताई म्हणाली.

"ताई, स्पष्ट बोलते, राग मानू नका," भावजय म्हणाली. "द्यायची नसेल तर नाही म्हणा. तुमच्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. पण इकडे खात सुटायचं आणि तिकडे वजन उतरत नाही म्हणून रडायचं, हे कुठवर चालायचं? ते दिवसेंदिवस खंगत चाललेत."

"मी खात सुटलेय?"

"मग काय वाऱ्याने वाढतंय?"

ताईचा हात शिवशिवला. एक ठेवून द्यावी असं वाटलं. ती तशीच मशीनच्या खोलीत गेली. बारक्या पडून होता. दार उघडं होतं, त्याने सगळं ऐकलं असणार.

"तिचं मनावर घेऊ नकोस गं," तो म्हणाला. "तुला भूक आवरत नाही हे मला काय आज कळलंय? माझ्या वाटची बिस्किटं तूच मटकावायचीस. जेव तू पोटभर. माझं काय व्हायचं ते होईल."

हसत म्हणाला तो. भावजयीच्या बोलण्याने ताईच्या अंगाची लाही झाली होती, पण ह्याच्या हसण्याने तिचं काळीज फाटलं. म्हणजे ह्यालाही तेच वाटत होतं. ती चोरून खाते, आणि त्याने ते पोटात घातलं होतं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. गोदामात माल उतरायचा होता, उशीर होणार होता. "जेवण मी येताना आणतो. तू दुकानात जाऊ नकोस," तो म्हणाला, आणि फोन ठेवताना पुन्हा तेच म्हणाला. पण दुकान तिच्या वाटेवरच होतं आणि पोटात सकाळपासून अन्न नव्हतं. ती गेली.

"तिसऱ्या मजल्यावरच्या मुकादमांचं पार्सल न्यायचंय," तिने सांगितलं. "साधी डाळ, सुकी भेंडी, कोरड्या रोट्या."

पोटाला फडकं बांधलेला पार्सलवाला मान वळवून आत ओरडला, "मुकादमांची डाळ घे रे. लोणी आतच जिरव, वर तवंग नको."

ताईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, दुसऱ्याच कुणाचं सांगत असेल. "लोणी कशाला?" तिने विचारलं. आवाज तिने जपून साधा ठेवला. "मी शेजारीण त्यांची. मला कोरडं आणायला सांगितलंय."

"तसंच सांगतात ते, घरात कळायला नको म्हणून," पार्सलवाला आवाज खाली आणून म्हणाला. "बायको आजारी असते हो त्यांची. अंगात ताकद नाही, आणि लोण्याचं नाव काढलं की ताट सारते म्हणे. म्हणून साहेबांनी सांगून ठेवलंय. डाळीत लोणी आणि काजू वाटून घालायचे, भेंडी तळायची आणि तेल टिपून घ्यायचं, रोटीच्या कणकेत तूप. पण वर काही दिसता कामा नये."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. चांगला माणूस आहे. बायकोचं एवढं कोण करतं आजकाल?"

ताईने पार्सल घेतलं. जिना ती कशी चढली हे तिला नंतर आठवेना. घरी येऊन तिने डाळीचा डबा उघडून टेबलावर ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसली. रोज ती गरमगरम जेवायची, आज डाळ थंड होऊ दिली. हळूहळू कडेने पांढरं धरायला लागलं. नवऱ्याने कुलूप उघडलं तोवर वर साय आल्यासारखा थर बसला होता.

तिने डबा त्याच्यापुढे सरकवला. "अहो, हे काय आहे?"

त्याने पाहिलं. खोटं बोलला असता तर तिने त्याला कदाचित बोलूही दिलं असतं. त्याने डबा हळूच बाजूला सारला.

"मी विचारतेय. हे काय आहे?"

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "तुला चिरून, अर्धीमुर्धी करून घरी आणायची नाही मला. आपल्याला मूलबाळ नाही. तुला काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? त्याला मशीन तरी आहे. मला कोण आहे?"

"मग नको म्हणायचं होतं. तोंडावर म्हणायचं होतं."

"ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते. तू भांडला असतास, मी भांडले असते, शेजारी गोळा झाले असते. चाललं असतं मला." लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. आता शब्द आपले आपण येत होते. "पण तू माझ्या ताटाशी खेळलास. मी उपाशीपोटी काट्यावर उभी राहत होते आणि तू डाळीत लोणी जिरवत होतास. भावजयीने मला खादाड ठरवलं. माझा भाऊ मला माफ करून बसलाय. मरायला टेकलेला माणूस मला माफ करतोय, आणि कशाबद्दल?"

"भीती वाटली गं," तो म्हणाला आणि रडायला लागला.

"मला वाटत नाही? मी काय हौसेने निघालेय कापून घ्यायला?"

त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने डबा त्याच्या हातात दिला. "खा," ती म्हणाली. "तुझ्याच पसंतीची आहे."

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून स्वतःचं स्वतः शिजवायला लागली. त्याच्यासाठीही भाजी-पोळी करून ठेवायची, पण स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायची आणि ते उचलून खिडकीशी जाऊन जेवायची. तो समोर आला की तिचं तोंड मिटायचं. वजन उतरायला लागलं, एका महिन्यात दिसण्याइतकं उतरलं, आणि ते उतरताना पाहून तिचा राग कमी होण्याऐवजी वाढला. इतकं सोपं होतं. वाया गेलेल्या त्या महिन्यांत बारक्याच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, दोनदा त्याला मरणाच्या दारातून ओढून आणावं लागलं होतं.

भावजयीला तिने सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन ताईच्या पायाशी वाकायला लागली, तेव्हा ताईने तिला दंडाला धरून उठवलं. बारक्याला मात्र सांगायचं नाही असं दोघींनी ठरवलं. त्याला कळलं असतं तर तुमच्या संसारात विष कालवून मला जगायचं नाही म्हणाला असता, आणि हट्टाला पेटला असता. त्यामुळे त्याचं चिडवणं चालूच राहिलं. "जिंकलीस हं ताई जिभेला," तो म्हणाला. "मला वाटलं नव्हतं."

"हो बाबा, जमलं एकदाचं," ताई म्हणाली.

ऑपरेशनच्या सकाळी बारक्याला तयारीसाठी आधी नेलं. मग नर्स ताईकडे आली. "जवळचं सगळं घरच्या माणसाकडे द्या. आणि बाहेर थांबणार कोण? आम्ही कोणाला बोलवायचं?"

नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. रजा टाकून, दाढी करून, उजाडायच्या आत येऊन उभा होता. त्याने दोन्ही हात पुढे केले. भावजय दाराजवळ होती, ती तिथेच थांबली.

ताईने तिला हाक मारून जवळ बोलावलं. फोन दिला, घराची किल्ली दिली, शेवटी डोळ्यांवरचा चष्मा काढून तिच्या ओंजळीत ठेवला.

"हिला बोलवा," ती नर्सला म्हणाली.

"मी थांबतो बाहेर," नवरा म्हणाला.

"थांबायचं तर थांबा."

ढकलगाडी हलली. चष्म्याशिवाय ताईला हातभर लांबचं दिसत नसे. नवरा उभा होता त्या बाजूला तिला नुसता एक उंच, करडा आकार दिसला. त्याचे हात अजून पुढे होते की त्याने ते मागे घेतले होते, ते तिला कळलं नाही, आणि तिने कोणाला विचारलंही नाही.