आत्याच्या चष्म्याची पक्की काडी

आतोबांनी नोकरीभर पूल बांधले आणि त्यातले बहुतेक अजून उभे आहेत. निवृत्तीनंतर मात्र घरात कोणालाच पुलाची गरज पडेना. त्यामुळे स्क्रू सैल होऊन आत्याच्या चष्म्याची काडी लोंबायला लागली, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

आत्याचा उतरला. त्याच दुपारी तिच्या लायसन्ससाठी डोळ्यांची तपासणी होती. “यंदा नापास झालीस तर गाडीची किल्ली माझ्याकडे,” असं मुलाने बजावलं होतं, तेही इतक्या प्रेमाने की तिची झोप उडाली होती.

“अहो, नुसता पिळून द्या.”

“पिळलेला पुन्हा सुटतो. कायमचा बंदोबस्त करायला हवा,” म्हणत आतोबा हार्डवेअरच्या दुकानात गेले.

तिथे थ्रेडलॉकर मिळतं. स्क्रूच्या आट्यांना थेंबभर लावलं की तो आपोआप सैल होत नाही. दुकानदार म्हणाला, बारीक स्क्रूला जांभळं न्या, पुढे कधी उघडायचा झाला तर उघडतो. लाल मोठ्या बोल्टांना. ते उघडायला चांगलं तापवावं लागतं.

“म्हणजे लालच चांगलं,” आतोबा म्हणाले. ‘पुढे कधी उघडायचा झाला तर’ ही भाषा त्यांना पूल बांधताना कोणी ऐकवली नव्हती.

घरी येऊन त्यांनी चष्मा मिटून टेबलावर ठेवला, स्क्रूला थेंब लावला, पिळला. थोड्या वेळाने बोट लावून पाहिलं. ओलं.

“कमी पडलं,” म्हणून आणखी एक थेंब. पंखा लावला. तरी ओलं. आणखी एक. मग आत्याचं केस वाळवायचं यंत्र आलं.

हे द्रव धातूच्या फटीत, हवा नसेल तिथेच घट्ट होतं, उघड्यावर ओलंच राहतं, असं बाटलीवर छापलं होतं. पण बाटलीवरचं वाचणं हे ज्यांना काही येत नाही त्यांचं काम.

जेवणं उरकली तरी वरचे थेंब ओलेच होते. आतल्या बिजागरीचं मात्र काँक्रीट झालं होतं. मिटलेली काडी मिटलेलीच राहिली.

“अहो, ही उघडत नाहीये!”

“बघ! म्हटलं होतं ना, हलणार नाही?”

“मला ती हलायला हवी होती हो!”

“आई, बाबांनी एवढं केलंय,” मुलगा हळूच म्हणाला, “तर यंदा तपासणी राहू दे ना.”

“तू गप्प बस आणि गाडी काढ.”

तपासणीच्या खोलीत आत्याने चष्मा हाताने डोळ्यांवर धरला आणि तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली.

“नजर उत्तम आहे, आजी,” तपासणारे साहेब म्हणाले. “पण चष्मा असा धरून गाडी चालवणार?”

“छे हो. इथून थेट नवा घ्यायला जातेय.”

साहेबांनी सहीसाठी पेन उचललं. तेवढ्यात आतोबा पुढे सरसावले. सुरुवात त्यांनी पुलांपासून केली. काडीपाशी पोहोचेस्तोवर साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं.

“म्हणजे कायमचं घट्ट?”

“माझ्या हयातीत सुटणार नाही.”

साहेबांनी आपला चष्मा काढून मिटला. “हा माझा बघता? सारखा घसरतो.”

आतोबांचा हात खिशातल्या बाटलीकडे गेला. आत्याने चष्मा मधल्यामधे उचलला, दोन्ही काड्या उघडल्या आणि साहेबांच्या हातात परत दिला.

“साहेब, हा घाला,” ती म्हणाली, “आणि आधी सही करा.”