बारा वाट्या

बँकेतून निवृत्त झालेल्या नंदकिशोर सामंतांनी बायकोला न सांगता आयुष्यात दोनच गोष्टी केल्या: एकदा मिशी काढली आणि एकदा फंडाचा चांगला लचका क्रिप्टोत घातला. मिशी परत आली.

ते पैसे ठेवायचं वॉलेट फोनवर लावून दिलं भाच्याने, शौनकने. फोन स्वतःच एक अगडबंब आकडा काढतो, तो कुणाला ओळखता येत नाही, तीच किल्ली, असं त्याने समजावलं. आकडा माणसाला झेपत नाही म्हणून तोच बारा इंग्रजी शब्दांत मिळतो. फोन गेला तरी शब्द ज्याच्या हाती, पैसे त्याचे. इथे मॅनेजर नाही आणि तक्रारपेटीही नाही. कागद जळतो, भिजतो, म्हणून शब्द स्टीलवर कोरून घ्या, असंही तो म्हणाला.

शौनकच्या मनात त्यासाठी खास मिळणारी पट्टी होती. तिची किंमत ऐकून मामांनी मालाडहून डझनभर वाट्या आणल्या आणि भांडीवाल्याकडून, नाव घालतात तसा, प्रत्येकीच्या बुडाला नंबर टाकून एकेक शब्द घालून घेतला. पिशवी माळ्यावर गेली. आपल्या हुशारीवर ते महिनाभर खूश होते.

मग जुहूला सेल्फी काढताना फोन लाटेत गेला. घरी येऊन ते माळ्यावर चढले, तर पिशवी नाही. नव्याकोऱ्या वाट्या सापडल्यावर बायकोने, जयंतीबाईंनी, त्या कधीच वापरायला काढल्या होत्या. घरात सात होत्या. उरलेल्या पाच खीर घेऊन शेजारी गेलेल्या, आणि त्या बिल्डिंगमध्ये रिकामी वाटी कुणी परत करत नसे. गोडधोड होईल तेव्हाच ती भरून यायची. वाटी मागायला जाणं म्हणजे तर अब्रूच गेली.

"एक शब्द कमी असता तर हे शब्द ज्यातून निघतात त्या दोन हजार शब्दांच्या यादीतला एकेक लावून बघितला असता," शौनक म्हणाला. "पाच म्हणजे वाट लागली, मामा."

मामांना वाटी नको होती, बूड वाचायचं होतं. ते शेजाऱ्यांकडे सहज म्हणून जाऊन बसू लागले. माधुरीताईंकडे उसळ, अनिरुद्धकडे बासुंदी, धवलकडे आमरस. वाटी चाटूनपुसून साफ करायची आणि 'काय जाड स्टील आहे' म्हणत उलटी धरायची. तीन शब्द मिळाले आणि पोट बिघडलं.

ते पलंगावर आडवे पडलेले असताना जयंतीबाई ताक घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या.

"चार नंबरची डाँकी द्रौपदीकाकूंकडे आहे," त्या म्हणाल्या. "नऊ नंबरची हजबंड कृणालकडे. आता सांगा, काय भानगड आहे?"

कुठली वाटी कुणाकडे, हे नंबर-शब्दासकट स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर लिहिलेलं होतं. त्या दारामागे नंदकिशोर कधी डोकावलेच नव्हते. त्यांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. जयंतीबाईंना पैशांपेक्षा लपवण्याचा राग आला होता, आणि तो त्यांनी बोलूनही दाखवला.

नव्या फोनवर बारा शब्द घातले, पैसे जागेवर होते. पण हे शब्द अख्ख्या बिल्डिंगने वाचलेत, तेव्हा लगेच नवं वॉलेट काढून पैसे तिकडे हलवा, असं शौनकने बजावलं. नवे बारा शब्द आले. बाईंच्या हुकमाने पहिले सहा नंदकिशोरांनी लिहिले, उरलेले सहा, फोन हातात घेऊन, त्यांना न दाखवता, बाईंनी.

कुठे लिहिलेस, असं नंदकिशोरांनी हळूच विचारलं.

"वाटीवर नाही," जयंतीबाई म्हणाल्या.